पालकावरचं झाकण

माझा दादा अपघातात गेला आणि आईने अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडून असते, स्वयंपाकघराकडे फिरकतही नाही. म्हणून तिच्या आवडीचं पालक पनीर मी बाबांना व्हिडिओ कॉलवरून शिकवत होते.

फोन डब्याला टेकवलेला, बाबा गॅससमोर.

"बाबा, पालकावर झाकण ठेवू नका, काळा पडेल."

त्यांनी झाकण ठेवलं.

"अहो, आता तरी गॅसवरून उतरवा!"

पालकाचा पार लगदा होईपर्यंत ते शांतपणे उभे राहिले. पनीर तळून तळून रबर केलं. मीठ घाला, मीठ घाला म्हणून मी घसा कोरडा केला, तर म्हणाले, "राहू दे."

माझं डोकंच फिरलं. एरवी बाबा नुसते गॅसजवळ गेले, तरी आई "सरका बाजूला, वाट लावाल सगळ्याची!" म्हणत हातातला झारा हिसकावून घ्यायची. उगाच नाही ओरडायची, म्हटलं.

ती शेवाळासारखी भाजी वाटीत घेऊन ते आत गेले. थोड्या वेळाने आतून आईचा बारीक आवाज आला, "छान झालीय."

बाबा परत आले आणि स्टुलावर मटकन बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अहो बाबा, खाल्लं ना तिने? छानसुद्धा म्हणाली. मग रडताय कशाला?"

 

"उद्या मिठाच्या जागी साखर घालून बघतो," बाबा म्हणाले. "मग तरी उठून ओरडेल."