आउसंगातेच्या वळणावर

उर्कोस गाव सुटलं आणि ड्रायव्हरने सिनेमा लावला. लगेच बसभर खिडक्यांचे पडदे सरासर ओढले गेले. बाहेर पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं होतं, आत काळोख, आणि टीव्हीवर दोन पैलवान एकमेकांना बुकलत होते. या रस्त्याने माणसं अशीच जातात. वाटेत काय पाहिलं म्हणून विचाराल, तर सिनेमाची गोष्ट सांगतील.

फोर्तुनाता म्हातारीने मात्र शेजाऱ्याच्या छातीवरून हात घातला आणि त्याच्या खिडकीचा पडदा चार बोटं सरकवला.

शेजारी रुसबेल होता. सोन्याच्या खाणीवर यंत्रं दुरुस्त करणारा, सुट्टी संपवून कामावर निघालेला. "काय पाहिजे, आजी?"

"काही नको. तू तुझं बघ, मी माझं बघते."

खाली उर्कोसचं तळं वळणागणिक लहान होत चाललं होतं. उतारावर बटाट्याची शेतं ऐन फुलावर आलेली. म्हातारीला मनातल्या मनात बघायची सवय नव्हती. "बघ कसा फुललाय. जांभळा म्हणजे किती जांभळा. आणि ती बया बघ, मेंढ्या दुसऱ्याच्या शेतात आणि ही खुशाल झोपलीय."

"अहो खिडकीवाले, पडदा लावा," मागून लाकडाचा एक व्यापारी ओरडला. "उजेडात कोण कुणाला मारतंय तेच कळेना."

"जो पडलाय त्याला मारलंय," म्हातारी मागे न बघताच म्हणाली. दोनचार जण हसले. रुसबेलने ओशाळून पडदा ओढला, तर म्हातारीने मध्ये बोटं घातली.

"असं नको करू, बाळा. मी लेकाकडे चाललेय, माल्दोनादोला. कायमची. गुडघे गेलेत माझे. लेक म्हणतो, इथे ऊब आहे, बरं वाटेल. वाटेलही. पण तिकडे एक डोंगर नाही रे. तव्यासारखी सपाट जमीन." तिने पडद्याच्या फटीतून वर बघितलं. "कुयुनीच्या वळणावर आउसंगाते समोर येतो, आपला बर्फाचा डोंगरदेव. उभा जन्म त्याला नमस्कार करून चूल पेटवली मी. त्याचा निरोप न घेता गेले तर मला तिकडे झोप लागायची नाही. तेवढ्यापुरता उघडा ठेव."

"मग तुम्ही इकडे खिडकीशी बसा ना."

"त्या कोपऱ्यात हे गुडघे दुमडायचे कसे?" तिचे दोन्ही पाय मधल्या वाटेत लांब पसरलेले होते. येणारा-जाणारा ते ओलांडून जात होता.

रुसबेलने पडद्याची फट स्वतःच धरून ठेवली. वळण येईल तेव्हा चुकायला नको म्हणून तोही बाहेर बघत बसला. आधी नाइलाजाने, मग नुसताच. निलगिरीची रांग संपली आणि डोंगराची पाठ उघडी पडली. तिच्यावर ढगांच्या सावल्या चरत चरत वर निघाल्या होत्या. लाल मातीत नुकतीच ओढलेली नांगराची तासं, कडेने निळ्या फुलांचे पट्टे, एका झोपडीच्या छपरातून येणारा धूर. खाली नदी इतकी दूर गेली होती की ती वाहतेय की थांबलीय, कळत नव्हतं. टीव्हीवर कुणीतरी कुणालातरी छपरावरून फेकलं. रुसबेलने मान वळवली नाही.

"इतक्या वेळा या वाटेने गेलो," तो हळूच म्हणाला, "मला वाटायचं इथे नुसती वळणंच आहेत."

"मग, आहेत ना वळणं. प्रत्येकात काहीतरी ठेवलंय." म्हातारीने त्याच्या हातावर मूठभर भाजलेला मका ठेवला.

गाडीचा आवाज बदलला. चढ संपत आला. म्हातारीने घाईघाईने हॅट काढून मांडीवर ठेवली, वेण्या पुढे घेतल्या, गाठोड्यातून डोंगराला वाहायची कोकाची तीन चांगली पानं निवडली आणि जुळवून बोटांत धरली. मग रुसबेलकडे बघितलं. त्याने पडदा पूर्ण उघडला.

उजेड थेट टीव्हीवर पडला. बसभर ओरडा झाला. रुसबेल अर्धवट उठून म्हणाला, "आजी गाव सोडून चालल्यात. आउसंगातेचा निरोप घ्यायचाय त्यांना."

त्या नावासरशी बस गप्प झाली. पुढे कुणीतरी सिनेमाचा आवाज बंद केला. ड्रायव्हरने गाडी अगदी माणसाच्या चालीवर आणली. त्या बाजूचे पडदे एकेक करून उघडले, पलीकडच्या बाजूची माणसं उठून वाकून बघू लागली, आणि लाकडाच्या व्यापाऱ्यानेही डोक्यावरची टोपी काढली.

समोर काहीच नव्हतं. जिथे आउसंगातेने आभाळ अडवून बसायचं, तिथे खालपासून वरपर्यंत पांढरा ढग होता. शिखर नाही, बर्फ नाही, साधी एक कडसुद्धा नाही.

रुसबेलला फार वाईट वाटलं, जणू त्यानेच काही कबूल करून मोडलं होतं. मागचा व्यापारी आता हळू आवाजात बोलला, "नाही दिसत हो, आजी. आज नशिबात नाही."

म्हातारीने पानं ओठांशी नेली, त्यांच्यावर तीनदा सावकाश फुंकर घातली. तिचा चेहरा त्या ढगाकडे स्वच्छ उघडा होता, फोटो काढायला बसावं तसा.

"मी त्याला रोजच बघत आले," ती म्हणाली. "आज त्याने मला बघायचंय."

रुसबेल खिडकीच्या आणि तिच्या मध्ये बसलेला होता. तो पटकन गुडघ्यांपर्यंत वाकला आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तसाच राहिला.