राणीची आई

शाळेच्या संगीत नाटकात राणीचं गाणं आलं आणि राणीच्या तोंडून शब्दच फुटेना. तिसऱ्या रांगेत तिच्या आईचा जीव टांगणीला लागला. महिनाभर भांडी घासता घासता तिनेच ते गाणं लेकीकडून घोटून घेतलं होतं. शेवटी तिला राहवेना आणि तिने बसल्या जागी खणखणीत सूर लावला.

“अहो ताई, नाटक पोरांचं आहे!” मागून सेनापतीचे बाबा गुरकावले. पण पुढच्याच प्रवेशात सेनापती गडबडला आणि हेच गृहस्थ खुर्चीवर चढून “खबरदार!” म्हणून गरजले. मग काय, कोल्ह्याच्या आजोबांनाही कंठ फुटला आणि सशांच्या मावश्या जागच्या जागी उड्या मारू लागल्या. पेटीवाल्या बाईंनी मुकाट्याने पेटी प्रेक्षकांकडे वळवली. पोरं मंचाच्या कडेला पाय सोडून बघत बसली.

शेवटचं गाणं अख्ख्या सभागृहाने उभं राहून, हातवाऱ्यांसकट म्हटलं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

लेकीचा हिरमोड झाला असेल, तिची समजूत घालावी, म्हणून राणीची आई घामाघूम होऊन मंचापाशी धावली. राणीने मुकुट सावरला आणि खाली वाकून आईच्या पाठीवर थोपटलं.

“छान झालं हं, आई. दुसऱ्या कडव्यात चुकलीस, पण कुणाच्या लक्षात नाही आलं.”