तिन्हीसांजेचं विरजण

शेवटचा घास घेऊन श्रीरंगने वाडग्यात चमचा घातला आणि तो नुसताच खणकन वाजला. दही संपलं होतं. म्हणजे त्यानेच संपवलं होतं, अगदी निपटून. समोर लॅपटॉपवर मीटिंग चालू होती. कुणाचं तरी अडलेलं काम ऐकता ऐकता त्याने वाडग्यातलं सगळं दही भातावर ओढून घेतलं होतं.

"बाबा, विरजण?" मैत्रेयीने विचारलं. ती दुसरीत होती, आणि या घरात असल्या गोष्टी तिच्याच लक्षात राहत.

कुकर लावायचा, भातात दही कालवायचं, बाजूला लिंबाचं लोणचं. संध्याकाळचं जेवण ते एवढंच. स्वस्त, झटपट, वर घासायला भांडीही दोनच. ऑफिसातली मंडळी रोज बाहेरून मागवत आणि श्रीरंगला चिक्कू मारवाडी झालास म्हणून चिडवत. तो त्यांना चिडवू देई. हे दही शाल्मलीचं आहे, हे त्यांना काय सांगणार. लग्नानंतर तिने माहेरून, पुण्याहून, एका डबीत विरजण आणलं होतं आणि रोज चमचाभर मागे ठेवून तेच लावत आली होती. ती गेली, तरी दही लागत राहिलं. झोपण्याआधी तो कोमट दुधात तो चमचा कालवायचा आणि सकाळी वाडग्यात तिच्या हातचं काहीतरी तयार असायचं. त्याचं त्याला फार बरं वाटायचं. थोडी भीतीही वाटायची.

मैत्रेयी म्हणाली, फोनवरून मागव, दहा मिनिटांत येतं. दही येईल गं, तो म्हणाला. त्याने वाडग्याच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. मैत्रेयीच्या ताटात दोन घास कालवलेला भात उरला होता, त्याकडेही त्याची नजर गेली. पण उष्ट्याचं विरजण शाल्मलीला चाललं नसतं.

मग त्याला पद्मावतीअक्का आठवल्या. राजाजीनगरचं जुनं घर सोडून अक्का मुलाबरोबर याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. त्यांच्या दह्याला तार सुटली, तेव्हा शाल्मलीकडूनच त्यांनी विरजण नेलं होतं. मीटिंग तशीच चालू ठेवून तो वाडगा घेऊन दोन मजले खाली उतरला.

अक्कांनी नुकताच देवापाशी दिवा लावला होता. श्रीरंगने एका दमात सगळं सांगितलं. अक्कांनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग वाडग्याकडे.

"दिवा लागल्यावर दही देत नाहीत रे," त्या म्हणाल्या. "आमच्यात उंबऱ्याबाहेर पण काढत नाहीत."

"सरी, अक्का," असं त्यांच्याच कानडीत ‘बरं’ म्हणून तो वळला. वाद घालायचं बळ त्याच्यात नव्हतं.

"स्वल्प थांब." अक्का तशाच उभ्या राहिल्या. "माझं असतं तर दिलं नसतं. हे तिचंच आहे की. तिचं तिच्या घरी जातंय, त्याला मी कोण नको म्हणणार?"

त्यांनी वाडगा आत नेला आणि पळीभर दही घालून आणला. तिन्हीसांजेला दहीदूध असं उघड्यावरून न्यायचं, तर वर कोळशाचा खडा ठेवतात, नाहीतर गेलेलं माणूस नेणाऱ्याच्या मागोमाग घरात येतं, असं त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. आता फ्लॅटमध्ये कोळसा कुठला. अक्कांनी डब्यातून एक सुकी लाल मिरची काढली आणि हलक्या हाताने दह्यावर ठेवली.

"आता कोणी मागं येत नाही," त्या म्हणाल्या. "जा बिनघोर."

जिन्यातले दिवे अजून लागले नव्हते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर श्रीरंग थांबला. असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. शाल्मली असती तर तिनेच त्याला वेड्यात काढलं असतं. त्याने मिरची चिमटीत धरून उचलली आणि जिन्याच्या खिडकीत ठेवून दिली.

उरलेल्या पायऱ्या तो सावकाश चढला, भिंतीला धरून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. मागे वळून त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कोणीच दिसलं नसतं, आणि ते आज त्याला सोसलं नसतं.

मैत्रेयीने दूध कोमट करून ठेवलं होतं. त्याने त्यात चमचाभर दही कालवलं आणि वर झाकण ठेवलं. लॅपटॉपमधून कोणीतरी त्याचं नाव घेऊन हाका मारत होतं.

"बाबा, दार उघडंच राहिलंय," मैत्रेयी म्हणाली. "डास येतात ना."

"राहू दे थोडा वेळ."

मैत्रेयीने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या अंधाराकडे. मग ती उठली आणि उंबऱ्यात पडलेले आपले शाळेचे बूट उचलून तिने बाजूला ठेवले.