भट्टीची वेबसाइट

येरमाळ्याच्या स्टँडसमोर महारुद्रकाकांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळं भावकीत कॉम्प्युटरचं काही अडलं की फोन त्यांनाच. परवा धाराशिवला शिकणाऱ्या पुतणीनं, सृष्टीनं, घरच्या ग्रुपवर लिहिलं, "रिअ‍ॅक्ट नावाचं वेबसाइट बनवायचं तंत्र शिकायला लागले. आपल्या खव्याच्या भट्टीची वेबसाइट केलीय, माझी पहिलीच. पान एकच आहे, बटण दाबलं की आतलं तेवढं बदलतं. बघून सांगा." खाली लिंक होती.

अंगठ्यांची रांग लागली. थोरल्या आत्यानं तर लिहिलं, "लई भारी. आता काही अडलं की सृष्टीलाच विचारायचं. महारुद्रला कशाला तरास?"

काकांना चहा कडू लागला.

"तुम्ही पण चार शब्द चांगले लिवा की. लेकराला बरं वाटंल," द्वारकाकाकू म्हणाल्या.

"कुणीतरी खरं सांगाया पायजे," असं म्हणून काकांनी चष्मा लावला आणि लिहिलं, "वेबसाइट बारकाईनं पाहिली. रंग भडक आहे. भट्टीचा फोटो तिरका आलाय. बटण दाबल्यावर पान अडकतं. नवशिक्यांनी घाई करू नये."

ते वाचून आत्यानं आपलं कौतुक गुपचूप पुसून टाकलं. काकांनी आणखी अर्धा कप चहा मागितला.



तेवढ्यात सृष्टीचं उत्तर आलं, "काका, माफ करा, मघाशी चुकीची लिंक गेली. ती माझ्या लॅपटॉपशिवाय कुठंच उघडत नाही. खरी आता पाठवते."