बरणीवरची काडी

काडी खाली उतरली होती. थोडीथोडकी नाही, चांगली दोन बोटं.

सुकेशनीनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. कोनाड्यात काचेची बरणी होती. तिच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधलेलं आणि रबराच्या मधोमध एक स्ट्रॉ आडवी चिकटवलेली. घरात सगळे तिला काडीच म्हणत. काडीच्या टोकामागं, भिंतीवर रेघा मारलेला कागद. राजेश्वर सरांनी सुट्टीत घरी करायला दिलेला हा प्रयोग. हवेचा दाब वाढला की टोक वर, कमी झाला की खाली. आणि एकदम खाली आलं तर समजायचं, वादळ-पाऊस जवळ आला.

अकरा दिवस ती रोज सकाळी वहीत नोंद करत होती. अकरा दिवसांत काडी एका रेघेच्या पुढं सरकली नव्हती.

"पप्पा! पाऊस येणार, पप्पा!"

अंगणात सिद्धोधन मोटारसायकल पुसत होता. सेलूला साडूच्या मुलीचं लग्न होतं, सगळ्यांना निघायचं होतं. घरासमोर शिजवलेली हळद वाळत पडली होती. आणखी चार दिवस ऊन लागलं की काम झालं. भिजली तर मात्र रंगच जाणार, मग वर्षभर राबलेलं मातीत.

त्यानं आभाळाकडं पाहिलं. "ढग तरी हाय का कुठं?"

"ढग मागून येत्यात. दाब आधी उतरतो."

ओट्यावर तांदूळ निवडणारी आजी, चांगुणाबाई, खुदकन हसली. "बरणीला काय कळतंय गं पाण्याचं? लेकरांचा खेळ नुसता. जा रं बाबा तू लग्नाला."

मग तर सुकेशनी पेटलीच. बापाचा हात धरून तिनं त्याला कोनाड्यापाशी ओढत नेलं, वही उघडून समोर धरली.

"हे बघा. अकरा दिवस सरळ रेघ. मग आज ही दोन बोटं कुठून आली?"

सिद्धोधननं वहीतल्या नोंदींवरून बोट फिरवलं. मग आत वळून बायकोला म्हणाला, "बबिता, नवी साडी ठेवून दे. हळद गोळा करायची हाय."

"आवो, आन् लग्न?"

"लेकीनं मोजून सांगितलंय. कोणी उगं सांगितलं असतं तर गेलो असतो."

चौघंही कामाला लागले. फावडी, टोपल्या, ताडपत्री. शेजारचा बन्सीधर कुंपणावरून हसला, "हवामान खातं घरातच उघडलं का?" पण हसता हसता त्यानंही आपली हळद ओढायला घेतली.

एक वाजला. ऊन मी म्हणत होतं. दोन वाजले, तरी आभाळ कोरं. सेलूहून साडूचे तीन फोन येऊन गेले. सुकेशनी सारखी आत जाऊन काडी बघून यायची. काडी तिथंच होती, खाली.

अडीचला पोखर्णी गावाच्या बाजूनं धूळ उठली. तिच्या मागं काळंभोर आभाळ. वारा असा सुटला की ताडपत्री धरायला चौघांना अंग टाकावं लागलं, आणि मग पत्र्यावर ताडताड गारा! लिंबाएवढ्या!

"आल्या! पप्पा, आल्या!" सुकेशनी पळत पत्र्याखाली येऊन नाचत ओरडली. बन्सीधर कुंपणापलीकडून हात जोडत होता. सिद्धोधननं लेकीला उचलून खांद्यावरच घेतलं. "शास्त्र म्हणत्यात ते हे!" गारा थांबल्यावर त्यानं सरांना फोन लावला. सर म्हणाले, शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर हाच प्रयोग सुकेशनीनं करून दाखवायचा.

ओल्या केसांनी ती आत धावली. कोनाड्यापाशी आजी एकटीच उभी होती.

"काय गं आजी? कळतंय का न्हाई बरणीला?"

चांगुणाबाईनं एकदा दाराकडं पाहिलं. मग नातीला जवळ ओढून हळूच म्हणाली, "काल सांजच्याला रेडिओवर सांगितलं, उद्या दुपारी गारपीट हाय म्हणून. तुझ्या बापाला दोनदा बोलले, त्यानं कानावरच घेतलं न्हाई. म्हणून सकाळी तू उठायच्या आत ती काडी काढून मीच खाली चिकटवली."