आरशातलं दार

अक्काच्या लेकीचं संध्याकाळी दुसऱ्या शहरात ऑपरेशन होतं. "आई, तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही," असं लेकीनं निक्षून सांगितलं होतं. आणि इथे अक्काची शिंपीण मैत्रीण गाडी अशी चालवत होती, जणू वरातच निघालीय.

"जरा दाब की! शिलाई मशीन बरी धडाधड चालवतेस."

"मशीनला पोलीस आडवा येत नाही, अक्का."

अक्कानं फणकाऱ्यानं बाजूच्या आरशात पाहिलं. तिथे मागचा रस्ता दिसायला हवा होता. दिसत होतं तिच्याच घराचं कुलूप लावलेलं दार. शहर मागे पडून किती वेळ झाला, तरी दार तसूभर लांब गेलं नव्हतं. तिनं काच खाली करून आरसा रुमालानं खसाखसा पुसला. दार आणखीच लख्ख झालं. "अगं, या आरशात माझ्या घराचं दार दिसतंय!"

"निघताना कुलूप ओढून बघितलं नाहीस, तेच डोक्यात बसलंय तुझ्या."

"मग हॉर्न कोण बडवत होतं, तुझा बाप?"

तेवढ्यात कुलूप बाहेरून तसंच लटकत असताना दार आतून उघडलं. अंगात अक्काचाच हिरवा स्वेटर, हातात तिचीच पिशवी, कपाळाला तीच आठी, अशी एक बाई बाहेर आली. तिनं कुलूप ओढून पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं, आणि ती गाडीमागे धावत सुटली. आरशात ती मोठी मोठी होऊ लागली.

"चालव! अगं, जोरात चालव!" अक्का किंचाळली.

मैत्रिणीनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिचे डोळे मधल्या आरशावर होते आणि पाय ब्रेकवर.

"थांबते गं अक्का," ती आरशात बघत मायेनं म्हणाली, "एवढी धावू नकोस."