टांगलेली घड्याळं
रविवारच्या मोटारसायकल शर्यतीत वेळ मोजायचं काम यंदा प्रथमच हवालदार नागनाथकडे आलं होतं. चूक झाली तर पलटणीत नाचक्की. जयपूरच्या क्वार्टरमध्ये टेबलावर मांडलेली चावीची सहाही स्टॉपवॉच त्याने रेडिओच्या ठोक्यांशी तासभर ताडून पाहिली. सगळी बरोबर! तुळशीला पाणी घालून आलेली बायको हळूच म्हणाली, “अहो, शर्यतीत ही गळ्यात लोंबणार ना? मग निजवून काय तपासता? बाबा टांगूनसुद्धा बघायचे.” “घड्याळजीची लेक शोभतेस!” तो हसला, पण सगळी खुंट्यांना टांगली. तासाभरात त्यातलं एक घड्याळ चार सेकंद मागे पडलं. संध्याकाळी घड्याळं बघायला आलेल्या कॅप्टनसाहेबांना ते ‘खराब’ अशी चिठ्ठी लावून वेगळं काढलेलं दिसलं. “शाबास! खराबी किसने पकड़ी?” स्वतःचं नाव सांगितलं असतं तरी कुणाला कळणार नव्हतं. नागनाथने छाती फुगवून सलाम ठोकला. “हमारी घरवाली ने, साब. मैंने तो पास कर दी थी!”